पाण्यातल्या चार रात्री

लुझोलो आमच्या गावात आली तेव्हा, पाठीवर जिथे मूल बांधतात तिथे, तिने काटक्यांची मोळी बांधली होती. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. त्या वर्षी डोकं फिरलेल्या बायका बऱ्याच यायच्या. दोन राजे एका गादीसाठी भांडत होते, आणि दर कोरड्या हंगामात कुणाची ना कुणाची फौज आमच्या टेकडीवरून जायची. कुणाची, ते आम्ही विचारणं सोडून दिलं होतं. दोन्हीकडचे सैनिक नाचणीची कोठारं जाळायचे आणि दोन्हीकडचे माणसं बांधून न्यायचे. आपण पळायचं, रानात दडायचं, परत यायचं आणि राख उपसायची. मी तोवर पाच वेळा घर बांधलं होतं. सहाव्या वेळी भिंती लिंपल्याच नाहीत. कशाला लिंपायच्या?

गावचा मुखिया म्हणजे माझा धाकटा भाऊ. पादऱ्याने बाप्तिस्मा देताना जिभेवर मीठ ठेवून त्याला दों गाश्पार असं भारदस्त नाव दिलं, तेव्हापासून तो गळ्यात पितळी क्रूस घालून मिरवतो. मी त्याला गाश्पाच म्हणते. आमच्यात घराणं आईकडून चालतं, त्यामुळे मुखिया तो असला तरी शेताच्या कामात शब्द माझा. काय पेरायचं, कधी काढायचं, न्सोनाच्या वारी कुणी कुदळीला हात लावला तर तिला काय काय ऐकवायचं, हे सगळं माझ्याकडे. न्सोना हा मेलेल्यांचा वार. त्या दिवशी जमिनीत हात घालायचा नाही. बाकी तीन वार जिवंतांचे, न्कांडू, कोंझो आणि बाजाराचा न्केंगे. आमचे वार हे एवढे चारच, न्केंगेनंतर पुन्हा न्सोना.

"मावशी, शेताच्या कडेला थोडी जागा द्या," लुझोलो म्हणाली.

"कशाला? मोळी जाळायला?"

"पेरायला."

बायका इतक्या हसल्या की माझ्या लेकीच्या, मकायाच्या पाठीवरची कियेसे जागी होऊन रडायला लागली. "लाकडं पेरणार!" मकाया म्हणाली. "आणि पीक काय येणार? पादऱ्याची खुर्ची?"

लुझोलो हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने काटक्यांचे वीतभर तुकडे केले आणि आडवे मातीत दाबले. पुढच्या वर्षी त्या जागी माणसाच्या उंचीची झुडपं होती, आणि झुडपांखाली मांडीएवढे कंद. मायाका म्हणतात त्याला. समुद्रापलीकडचं पीक, तिने सांगितलं, तिच्या माहेराकडे किनाऱ्यावर जहाजवाल्यांनी आणलेलं. म्हणजे माणसं भरून नेणारी ती जहाजं येताना अगदीच रिकामी येत नव्हती. मका त्यांचा, भुईमूग त्यांचा, बंदुका त्यांच्या, आणि आता ही लाकडं. आमची माणसं तिकडे, त्यांची झाडं इकडे. हा सौदा कुणी ठरवला हे मला कुणी सांगितलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, मायाकाने आम्हाला जगवलं. त्या हंगामात फौज आली, नाचणी जाळून गेली, आणि झुडपांकडे कुणी बघितलंही नाही. जमिनीखालचं जळत नाही. एका सैनिकाने मात्र कंद उपटून कच्चाच खाल्ला असावा, कारण आम्ही परत आलो तेव्हा तो ओढ्याकाठी आडवा होता, तोंडाला फेस. आम्ही त्याला पुरलं आणि पुरताना हसलो. देव मला क्षमा करो, मीही हसले.

मायाका कडू असतं, विषारी असतं. ओढ्याकाठच्या खड्ड्यात, पाण्यात बुडवून ठेवावं लागतं. मग साल सुटते, कंद मऊ पडतो, आंबूस वास येतो, आणि विष पाण्याबरोबर निघून जातं. लुझोलो आम्हाला सांगायची, "चार रात्री. बोटांवर मोजून चार." पण बोटं मोजत कोण बसतं? न्केंगेला आम्ही सगळ्या बाजाराला जाताना ओढा ओलांडायचो, तेव्हा जाताना जुने कंद काढायचे आणि येताना नवे टाकायचे असं बसून गेलं. न्केंगेला पाण्यात, न्केंगेला बाहेर. पोरींना मी हेच शिकवलं. रात्रींचा हिशोब त्यात आपोआप बसायचा, म्हणून आम्ही तो विसरलो.

लुझोलो तीन वर्षं माझ्याच घरात राहिली. कियेसेला तिचा फार लळा. तिच्या माहेरचं कुणी उरलं होतं की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. एक मूल होऊन गेलं, एवढंच ती एकदा बोलली होती. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी कुणाला असले प्रश्न विचारत नसे.

त्या वर्षी आम्ही रानात अकरा दिवस काढले. सुरवंट खाल्ले, मुळ्या चघळल्या. परत आलो तो न्कांडूचा वार होता. कोठारं जळलेली, कोंबडी एक नाही. आम्ही तशाच शेतात गेलो, कंद उपटले आणि खड्ड्यात टाकले. लुझोलो म्हणाली, "आज न्कांडू आहे, मावशी. म्हणजे पुढच्या न्कांडूला काढायचं." मी हो म्हटलं. थकले होते, कशालाही हो म्हटलं असतं.

कोंझोला पोरं दिवसभर रडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच रडायची थांबली, आणि रडणं थांबलेलं मूल कसं दिसतं ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय सांगू? तो न्केंगे होता. त्याच्या पुढचा दिवस न्सोना, म्हणजे खड्ड्यात हात घालायचा नाही. म्हणजे परवापर्यंत काही नाही. मी बायकांना घेऊन ओढ्यावर गेले. कंदांची साल थोडी सुटली होती. आतून कडक होते, पण अगदीच कडक नव्हते. मी म्हटलं, "आज न्केंगे आहे. न्केंगेला आपण काढतोच."

"दोनच रात्री झाल्या, मावशी," लुझोलो म्हणाली. "अजून दोन."

"मला वार शिकवू नकोस."

"वार नाही, रात्री मोजा. आज काढलंत तर—"

"आणि उद्या न्सोना आहे त्याचं काय? मेलेल्यांच्या वारी खड्ड्यात हात घालू?"

"मग परवा काढा."

"परवा कुणाच्या तोंडात घालायचं ते सांग!"

तिने माझं मनगट धरलं. सगळ्या बायकांसमोर, कुठून आलेल्या एका पोरीने माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "जिच्या पाठीवर मूल टिकलं नाही, तिने मला मुलं जगवायला शिकवू नये."

तिने मनगट सोडलं.

आम्ही कंद काढले, सवयीने त्यांच्या जागी नवे उपटून टाकले, मग काढलेले किसले, पिळले, विस्तवावर कोरडे केले, कुटले. आंबूस वास येत नव्हता, ते मला कळलं होतं. नाकाला कळलं, पण पोटाने ऐकलं नाही. मकायाने गोळा शिजवला. लुझोलो बाजूला बसून राहिली आणि तिने स्वतःची वाटी उपडी ठेवली. "खाऊ नका," ती मकायाला म्हणाली. "निदान पोरांना देऊ नका." मकाया म्हणाली, "तू नको खाऊस. तेवढाच आमचा वाटा वाढेल." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ती तशीच बोलते. मीही जेवले नाही. माझा वाटा मी कियेसेला दिला. म्हटलं, आजीला भूक नाही. भूक होती, पण सहा वर्षांच्या पोरीसमोर म्हातारीने जेवायचं असतं का? पोरीने दोघींचं खाल्लं आणि बोटं चाटली.

ऊन कलायच्या आत गावभर ओकाऱ्या सुरू झाल्या. थोडं खाल्लेले सावरले. कियेसे ओकली नाही. ती म्हणाली, आजी, जमीन हलतेय. मग तिला श्वास घेता येईना. सूर्य बुडायच्या आत ती गेली, लोहाराची दोन पोरं गेली आणि म्हातारा पेद्रू गेला.

दुसऱ्या दिवशी न्सोना. जमीन खणायची नाही, म्हणजे पुरायचंही नाही. चार मढी घराघरांत ताडाच्या कापडात गुंडाळून ठेवलेली, आणि माणसांना दिवसभर काही काम नाही. काम असतं तर कदाचित पुढचं झालं नसतं. बसून बसून माणसं बोलायला लागली. जेवलं कोण नाही? लुझोलो. आधीच 'खाऊ नका' कोण म्हणालं? लुझोलो. हे कडू झाड गावात कुणी आणलं? तिचं मूल कसं मेलं, कुणाला ठाऊक आहे का? दुपारपर्यंत हे नुसते प्रश्न होते. संध्याकाळी सगळ्या गावाच्या तोंडी एकच शब्द होता, चेटकीण. जेवले तर मीही नव्हते. पण ते कुणाला आठवलं नाही.

माझ्या लहानपणी चेटकाचा आळ आला की न्कासाच्या झाडाची विषारी साल उगाळून पाजत. ओकलीस तर निर्दोष, पडलीस तर चेटकीण. क्रूर होतं, मी नाही म्हणत नाही. पण जे व्हायचं ते गावात, सगळ्यांसमोर व्हायचं, आणि बरीच माणसं ओकून मोकळी व्हायची. चोरीला बकरी द्यावी लागे, भांडणाला ताडीचा घडा. आता न्कासा कुणी पाजत नाही. मेलेली चेटकीण कोण विकत घेणार? चोरी असो, भांडण असो, चेटूक असो, सगळ्या निवाड्यांची वाट एकच, पश्चिमेला, किनाऱ्याकडे.

न्कांडूला सकाळी आम्ही कियेसेला पुरलं. तिथून मी हातपायही न धुता भावाकडे गेले. तो दारात बसून कुंपणाचा दोर वळत होता.

"गाश्पा, ती चेटकीण नाही. कंद कच्चे होते. मी काढायला लावले."

त्याने मान वर केली नाही. "ठाऊक आहे, अक्का."

"ठाऊक आहे?"

"मलाही चारपर्यंत मोजता येतं."

मी तिथेच खाली बसले. "मग तिचे हात का बांधलेस?"

"न्केंगेच्या बाजारात किनाऱ्यावरच्या विली व्यापाऱ्यांचा तांडा उतरतोय. धडधाकट बाईला दोन बंदुका आणि बंदुकीच्या दारूचं एक पिंप देतात."

"बंदुकांसाठी माणूस विकणार? गळ्यातला तो क्रूस तरी काढून ठेव आधी."

"बंदुका नाहीत म्हणून गेल्या तीन हंगामांत आपली एकोणीस माणसं गेली," तो म्हणाला. त्याचा आवाजही चढला नाही. "एकोणीस, अक्का. त्यांच्याबद्दल आपल्याला काय मिळालं? राख. आता एक जाईल, आणि बाकीची राहतील."

"तेच व्यापारी त्या फौजेलाही बंदुका विकतात."

"म्हणून तर आपल्याकडेही हव्यात."

मी त्याच्या हातातल्या दोराचं टोक पकडलं.

"मग तिला न्कासा पाज. मलाही पाज. जी ओकेल ती सुटेल."

"कोण पाजणार? साल किती घ्यायची हे एकाच वैदूला येत होतं. त्याला मागच्या वर्षी बांधून नेला, विसरलीस?"

"मी उद्या निवाड्याच्या झाडाखाली सगळ्यांसमोर सांगेन."

तेव्हा त्याने दोर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी त्याला ताप आला की असेच डोळे व्हायचे. "सांग," तो म्हणाला. "मी अडवणार नाही. तुझा शब्द अडवायची माझी छाती नाही. फक्त सांगायच्या आधी मकायाकडे एकदा बघ."

मला वाटलं, तो मला घाबरवतोय.

कोंझोला सगळे झाडाखाली जमले. लुझोलोचे हात पाठीमागे बांधलेले. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं." लोहार म्हणाला, "ऐकलंत? आधीपासून ठाऊक होतं हिला!" आणि लोक गलका करायला लागले.

मी उभी राहिले. "ओरडू नका," मी म्हटलं. "तिला ठाऊक होतं, कारण कंद दोनच रात्री पाण्यात होते. ती थांबा म्हणत होती. मी ऐकलं नाही. न्केंगे आहे म्हणून मीच काढायला लावले. मारायचं तर मला मारा, विकायचं तर मला विका."

"तुला कोण घेणार, म्हातारे?" मागून कुणीतरी म्हणालं, पण कुणी हसलं नाही. बायकांनी माना खाली घातल्या. तेव्हा मला कळलं की ह्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. प्रत्येकीने त्या खड्ड्यात हात घातला होता, प्रत्येकीने तो कडक कंद हातात धरला होता. लोहाराची बायको आपल्या तळहातांकडे बघत होती.

मग मकाया उठली.

"तू काढायला लावलेस," ती म्हणाली. "बरं. किसले कुणी, आई?"

"मकाया, बस खाली."

"शिजवले कुणी? कियेसेच्या तोंडात पहिला घास कुणी घातला? ही मला 'देऊ नकोस' म्हणाली, आणि मी हिची चेष्टा केली. सांग ना! चेटूक नव्हतं तर मग माझ्या पोरीला कुणी मारलं? सांग सगळ्यांना!"

तिचे ओठ पांढरे पडले होते. गाश्पा म्हणाला होता तसं मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की मी अजून एक शब्द बोलले तर ही पोर आज नाहीतर उद्या त्या ओढ्यात जाऊन पडेल. माझी नात गेली होती, आता लेक उरली होती. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला ती हात बांधलेली बाई, जिने तीन वर्षं आमच्या पोटाची काळजी केली.

मी लुझोलोकडे पाहिलं. तिला कळलं होतं. माझ्या आधीच कळलं होतं बहुधा.

"आई," मकाया म्हणाली, आता अगदी हळू, "चेटूक होतं ना?"

मी खाली बसले. हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही, आणि गावाला तेवढं पुरलं.

न्केंगेला सकाळी तिला बाजाराकडे नेलं. मानेत लाकडी बेचकं अडकवलं होतं, म्हणून तिला मान वळवता येत नव्हती. मी ओढ्यापर्यंत मागे गेले. खड्ड्यापाशी ती थांबली. नेणारे थांबले, कारण चेटकिणीला ढकलायची त्यांना भीती वाटली असावी. मला वाटलं, ती शिव्या देईल. मी त्यासाठीच गेले होते. त्या शिव्या मला हव्या होत्या.

ती म्हणाली, "खड्ड्यात अजून कंद आहेत, मावशी. आज चौथी रात्र झाली. आता खायला हरकत नाही."

मग ते तिला घेऊन गेले.

आम्ही ते कंद काढले. मऊ पडले होते, आंबूस वास येत होता. आम्ही खाल्ले. न खाऊन काय करणार होतो?

बंदुका आल्या. दारूचं पिंप गाश्पाच्या घरात ठेवलं. आमच्याकडे लोक म्हणतात, जहाजातून नेलेली माणसं तिकडे जाळतात आणि त्यांच्या हाडांची दारू करतात. खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण मकाया त्या घरात पाऊल ठेवत नाही. पुढच्या हंगामात फौज आली तेव्हा एक बंदूक गाश्पाच्या हातात फुटली आणि त्याचा अंगठा घेऊन गेली, दुसरी वाजलीच नाही. आम्ही पळालो, रानात दडलो. परत आलो तर सात माणसं कमी होती आणि नाचणी जळलेली होती. मायाका मात्र जमिनीत जिथल्या तिथे होतं.

तेव्हापासून कंद पाण्यात टाकायचं काम मकायाकडे आहे. तिने मला विचारलं नाही. ती खड्ड्यापाशी बसते, आणि एक रात्र गेली की काठावर एक खडा ठेवते. मागे एकदा, पोरं भुकेली असताना, तिसऱ्या दिवशी लोहाराच्या बायकोने हळूच पाण्यात हात घातला. मकायाने तिचं मनगट धरलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "चार रात्री. बोटांवर मोजून चार."

शब्द लुझोलोचे होते, आवाजाची ढबही तीच. लोहाराच्या बायकोने हात काढून घेतला. मी पलीकडच्या काठावर धुणं पिळत होते. मकायाने वर पाहिलं, मी तिच्याकडे पाहत होते, आणि आम्ही दोघींनी लगेच नजरा वळवल्या.